पाचव्या रकान्यातलं नाव

उद्धवराव कवी आहेत हे कंपनीत झाडूवाल्यापासून प्लँट हेडपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ते प्रेस शॉपमधले सगळ्यात जुने सेटर आहेत, हे मात्र फक्त प्रेस शॉपला ठाऊक होतं. आता याला काय म्हणावं! बावीस वर्षं माणसानं प्रेसवर जड जड डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, चढवल्या आणि उतरवल्या, आणि नाव कशानं झालं, तर 'हेल्मेट घाला डोक्याला, मुकू नका लेकीच्या मुक्याला' यानं. चाकणच्या त्या कंपनीत दर चार मार्चला सुरक्षा दिन व्हायचा, कवितेची स्पर्धा व्हायची आणि पहिला नंबर उद्धवरावांचा यायचा. बक्षीस ठरलेलं, कॅसरोल. काळेवाडीच्या त्यांच्या दोन खोल्यांत असे नऊ कॅसरोल झाले होते. त्यांची बायको सुभद्रा म्हणायची, "एखाद्या वर्षी दुसरा नंबर काढा की हो, दुसऱ्याला चादर देतात म्हणं."

यमकावर माणसाचा हातच तसा बसला होता. कुणाची निवृत्ती असो, बारसं असो, उद्धवराव उभे राहिले की मंडपात हशा पिकायचा. ओळ अर्धी म्हणून ते थांबायचे आणि पोरं ओरडून यमक पुरं करायची. त्यांची रीत सोपी होती. आधी शेवटचा शब्द धरायचा, मग त्याच्या मागं ओळ भरत जायची. 'डोक्याला'ला 'मुक्याला' सापडलं की निम्मी कविता झाली, बाकी मधलं काय, भरायचंच असतं.

एकदा, सात-आठ वर्षांमागं, संत तुकाराम नगरात एका वाचनालयात कवितावाचन होतं. उद्धवराव इस्त्रीचा शर्ट घालून गेले. तिथं एक बाई उभ्या राहिल्या आणि आपल्या आजारी सासूबद्दल साध्या बोलल्यासारखं वाचत गेल्या. यमक नाही, चाल नाही, टाळीची जागा नाही. उद्धवरावांना आधी हसू आलं आणि मग उगाच घाम फुटला. पुढं त्यांचं नाव पुकारलं तेव्हा ते पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर पडले ते थेट काळेवाडीच्या रिक्षात जाऊन बसले. घरी आल्यावर आपणही तशा चार ओळी लिहून बघितल्या. पण यमक नसलं की थांबायचं कुठं तेच कळेना, हात नको तिथं जायला लागला, तेव्हा कागद फाडला आणि विषय संपवला.

यंदाच्या जानेवारीत चार नंबरच्या प्रेसवर कोंडाजीच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

कोंडाजी खेडच्या बाजूचा. उद्धवरावांच्या बरोबरीनंच कंपनीत लागलेला, सरळ माणूस. बावीस वर्षं दोघांनी एका टेबलावर डबा खाल्ला होता. त्या प्रेसच्या तोंडासमोर प्रकाशाचा एक पडदा असतो, डोळ्यांना न दिसणारा. हात त्यात शिरला की मशीन जागच्या जागी थांबतं. त्या दिवशी तो पडदा बिघडला होता आणि हात नसतानाही मशीन थांबवत होता. बाहेर माल न्यायला गाडी उभी. लाइनचे इन्चार्ज गणराज सर, वाकडला राहणारे, वयानं उद्धवरावांच्या निम्मे, धावत आले आणि म्हणाले, "उद्धवराव, आजच्या दिवस बायपास करा, उद्या मेंटेनन्सला सांगतो." पडदा बंद करायची किल्ली सेटरच्या खिशात असते. उद्धवरावांनी ती फिरवली. कोंडाजीला सांगायला जाणार, तेवढ्यात सहा नंबरवरून हाक आली. 'येतो आणि सांगतो' म्हणून ते गेले. सांगायचं राहिलं. वीस मिनिटांनी किंकाळी ऐकू आली.

पळत आले तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल? कोंडाजीला धरायच्या आधी किल्ली उलटी फिरवली आणि खिशात टाकली. कुणी बघितलं नाही. गणराज सरांनी बघितलं असेल, पण ते काही बोलले नाहीत आणि उद्धवरावही बोलले नाहीत.

अपघात झाला की कंपनीत एक फॉर्म भरतात. पाच रकाने असतात आणि पाचदा 'का' विचारायचं असतं. हे का झालं? मग ते का झालं? असं खणत खणत पाचव्या 'का'ला मूळ कारण सापडतं म्हणे. जपानी लोकांनी शोधलेली चांगली रीत आहे. पण आपल्या लोकांनी तिची काय गत केली! आधी पाचवा रकाना भरायचा, साहेबांना चालेल असा, आणि मग खालून वर चढत बाकीचे चार जुळवायचे. हा फॉर्म भरायला उद्धवरावांनाच बसवायचे, कारण त्यांचं अक्षर चांगलं. त्या दिवशीही त्यांनीच भरला. पाचव्या रकान्यात मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'ऑपरेटर कोंडाजी यांनी निष्काळजीपणे हात डायमध्ये घातला. समज देण्यात आली.' दवाखान्यात जाऊन कोंडाजीच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. तो बिचारा गुंगीत होता. "मपलंच चुकलं असंल," एवढंच म्हणाला.

त्या दिवसापासून उद्धवरावांचा हात दहादा खिशातली किल्ली चाचपायला जायचा. गणराज सरांनी हाक मारली की ते दचकायचे. कॅन्टीनमध्ये दोघं हळू बोलताना दिसले की आपलंच बोलतायत असं वाटायचं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! झाकली मूठ सव्वा लाखाची असं स्वतःला सांगायचे, आणि लगेच आठवायचं की कोंडाजीला आता मूठच वळत नाही. आणि एकदा का हे बाहेर पडलं तर? बावीस वर्षांची नोकरी जाणार, शेहेचाळिसाव्या वर्षी कोण उभं करतंय दारात? लेकीचं, वर्षालीचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं. पोलीस येतील का, हेसुद्धा त्यांचं मनात हजारदा विचारून झालं होतं.

फेब्रुवारी संपता संपता गणराज सर शॉपमध्ये आले. "उद्धवराव, कविता पाहिजे बरं का! यंदा कार्यक्रम जरा हटके आहे. कोंडाजीला बोलावलंय, सत्कार करणार. आधी तुमची कविता, मग कोंडाजी शपथ वाचणार. 'माझी चूक, सर्वांना धडा' अशी थीम आहे. सगळ्यांच्या काळजाला भिडेल."

"शपथ कसली, सर?"

"हेच, की माझ्या निष्काळजीपणामुळे मी बोटं गमावली, तुम्ही असं करू नका. चारशे लोकांपुढं त्यानंच सांगितलं तर वेगळाच इम्पॅक्ट. पोस्टर पण करू त्याचं, प्रत्येक प्रेसवर लावू." आणि जाता जाता खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कविता आधी मला दाखवा."



घरी येऊन ते लिहायला बसले. रीतीप्रमाणं शेवटचा शब्द धरला, 'बोटं'. त्याला जुळणारं यमक पहिल्या झटक्यात आलं, 'खोटं'. अहो, हजार यमकं जुळवलेला माणूस, पण हे एक यमक काही कागदावर उतरेना. त्यांनी घाईघाईनं दुसरं शोधलं आणि लिहिलं, 'गेली जरी बोटं, तरी मन त्याचं मोठं.' पुढं सोळा ओळी भराभर आल्या. यमकाचा पडदा शाबूत होता, हात कुठं आत शिरला नाही.

सुभद्रा साड्यांना पिको करत बसली होती. त्यांनी तिला वाचून दाखवली. एरवी ती 'जमलंय' म्हणून मशीन चालू करायची. आज तिनं पाय पेडलवरून काढला.

"हे कोंडाजी भावजींच्या घरी बसून, त्यांच्या तोंडावर वाचाल का?"

"कार्यक्रमात वाचायचंय की. त्यात काय?"

"मग आधी घरी वाचून या." ती त्यांच्याकडं बघत राहिली. "दोन महिने झाले, तुम्ही झोपेत हात झटकताव. मी काही विचारलं नाही. विचारू का?"

"नको," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातली भीती त्यांनाच ऐकू आली. सुभद्रानं मशीन पुन्हा चालू केलं.

रविवारी दुपारी ते खरंच कोंडाजीच्या घरी गेले. कविता खिशात होती. ओट्यावर कोंडाजी मांडी घालून बसला होता. पुढं पोरीची दुरेघी वही आणि डाव्या हातात पेन्सिल. पानभर वाकडीतिकडी एकच ओळ गिरवलेली, 'माझ्या निष्काळजीपणामुळे'. जोडाक्षरावर येऊन अक्षर दरवेळी मोडत होतं.

"या, या उद्धवराव! बसा. वाचाया दिलंय, पन म्हनलं लिवाया बी आलं पायजे. सही डाव्या हातानं करायचीये तितं समद्यांम्होरं. अंगठा नगं वाटतो."

उद्धवराव बसले. चहा आला.

"एक इचारू का?" कोंडाजी वहीकडं बघतच म्हणाला. "तुमी सेटर हाय, तुमाला कळंल. मपलं चुकलं ह्ये मला मान्य हाय. पन अडकल्याला पीस मी बावीस वरीस हातानंच काढतोय. हात गेला की मशीन थांबतंच. त्या दिशी का न्हाई थांबलं वो?"

उद्धवरावांनी चहाचा कप खाली ठेवला. आता सांगावं. आत्ताच. समोर फक्त तो आहे.

"मशीनचं काय सांगावं, कोंडाजीभाऊ," ते म्हणाले. "मशीनच ते."

"व्हय, तेबी खरं हाय," कोंडाजी म्हणाला आणि परत ओळ गिरवायला लागला.

खिशातली कविता खिशातच राहिली. परतीच्या बसमध्ये मोशीच्या अलीकडं वाहतूक तुंबली होती, बस हलेना. कोंडाजीचा तो 'का' मात्र उद्धवरावांच्या डोक्यात फिरत राहिला. का न्हाई थांबलं वो? त्यांच्या शर्टाच्या खिशात कंपनीची लाल टॅगं होती, नापास मालाला बांधतात ती. एकाच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी लिहिलं, 'का एक.' आणि त्याखाली उत्तर. मग 'का दोन.' वरून खाली, पहिल्यांदाच. पुढं काय येणार ते ठरवलेलं नव्हतं. कुठलाही शब्द शेवटी उभा राहून 'थांब' म्हणत नव्हता. तिसऱ्या 'का'शी आले आणि त्यांना दिसलं की हे आता कुठं चाललंय. हात इतका कापायला लागला की अक्षर कोंडाजीच्या वहीसारखं दिसू लागलं. शेजारच्या माणसानं विचारलं, "काका, बरं वाटत नाही का?" त्यांनी मान हलवली आणि चौथा 'का' लिहिला. पाचवा लिहून झाला तेव्हा नाशिक फाटा मागं पडला होता आणि त्यांचा स्टॉपही.

सोमवारी गणराज सरांना त्यांनी यमकाची कविता दाखवली. "वा! मन त्याचं मोठं! एक नंबर," सर म्हणाले.

चार तारखेला कॅन्टीनमध्ये मांडव पडला. उद्धवरावांच्या उजव्या खिशात ती कविता होती आणि डाव्या खिशात लाल टॅगं. सकाळपासून त्यांनी चार वेळा ठरवलं आणि चार वेळा मोडलं. सुभद्रानं डबा देताना फक्त एवढंच म्हटलं होतं, "जे वाचायचंय ते वाचून या. आम्ही आहोत." ती सगळं ओळखून होती की काय, देव जाणे. पहिल्या रांगेत प्लँट हेड आणि गणराज सर बसले होते. त्यांच्या शेजारी हार घातलेला कोंडाजी, उजवा हात मांडीवर रुमालाखाली, डाव्या हातात शपथेचा कागद. त्याचे ओठ हलत होते, पाठ करत होता.

"आणि आता आपले लाडके कवी!" शिट्ट्या पडल्या. उद्धवराव माइकपाशी गेले. समोर चारशे तोंडं, हसायला टपलेली. त्यांचा हात उजव्या खिशात गेला. कागद हाताला लागला, मऊ, ओळखीचा. हा वाचला की पाच मिनिटांत सुटका. टाळ्या, कॅसरोल, घर. आणि मग कोंडाजी उठेल आणि 'माझ्या निष्काळजीपणामुळे' म्हणेल, आणि ते पोस्टर प्रत्येक प्रेसवर लागेल, उद्धवराव रोज डाय चढवतील आणि ते रोज त्यांच्याकडं बघेल.

त्यांनी डाव्या खिशात हात घातला. लाल टॅगं बाहेर आली तशी पोरं हसली. "कवी रिजेक्ट झाला राव!" कुणीतरी ओरडलं.

"का एक," उद्धवराव म्हणाले. "कोंडाजीची तीन बोटं का गेली?"

"घाई केली!" मागून पोरांनी सवयीनं यमक पुरं केलं आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या.

उद्धवराव थांबले. यमक बरोबर होतं. त्याच अर्थाचं त्यांनी फॉर्ममध्ये लिहिलं होतं. त्यांनी मान हलवली, "नाही," म्हणाले, आणि टॅगावरचं वाचायला लागले.

"कारण हात डायमध्ये होता,
आणि वरून अडीचशे टन उतरलं.

का दोन. हात डायमध्ये का होता?
कारण पीस अडकला होता.
अडकलेला पीस कोंडाजी हातानं काढतो,
समोर पडदा आहे या भरवशावर.

का तीन. पडदा असून मशीन का थांबलं नाही?
कारण पडदा बंद होता.
पडदा किल्लीनं बंद होतो.
किल्ली सेटरच्या खिशात असते."

पोरांच्या टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. गणराज सर खुर्चीत पुढं सरकले. उद्धवरावांना ते दिसलं आणि पुढची अक्षरं टॅगावर हलायला लागली. इथं थांबता येईल, अजूनही थांबता येईल, असं मनात आलं. लोकांना वाटेल कविता इथंच संपते. त्यांनी कोंडाजीकडं बघितलं. कोंडाजीचे ओठ हलायचे थांबले होते.

"का चार. किल्ली का फिरली?
कारण मी फिरवली. या हातानं.
याची पाचही बोटं शाबूत आहेत.
कोंडाजीला सांगायला जाणार होतो. गेलो नाही.

का पाच. मी का फिरवली?
मला सांगण्यात आलं,
आणि मी नाही म्हणालो नाही. भ्यालो.
नंतर फॉर्म भरताना पुन्हा भ्यालो.
पाचव्या रकान्यात कोंडाजीचं नाव आहे.
अक्षर माझं आहे."

संपलं. टाळी नाही. उद्धवरावांनी माइकचा दांडा धरला. गणराज सर उठले, "थँक्यू उद्धवराव, थँक्यू, जरा भावनेच्या भरात..." म्हणत माइककडं आले. पण त्यांच्या आधी कोंडाजी उठला होता.

तो सरळ उद्धवरावांसमोर येऊन उभा राहिला. गळ्यात हार, चेहरा पांढराफटक. माइक दोघांच्या मध्ये होता म्हणून चारशे जणांनी ऐकलं.

"किल्ली तुमच्याकडं व्हती?"

"हो."

"रविवारी म्या इचारलं तवा बी ठावं व्हतं?"

"हो, कोंडाजीभाऊ."

कोंडाजी आणखी एक पाऊल पुढं आला. तो मारेल असं उद्धवरावांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर मारलं असतं तर बरं वाटलं असतं. कोंडाजीनं मारलं नाही. पायही धरू दिले नाहीत, उद्धवराव वाकले तसा तो मागं सरला. त्यानं शपथेचा कागद छातीशी दाबून एका हातानं पालथा केला आणि कोऱ्या बाजूनं त्यांच्यापुढं धरला.

"फारम परत लिवा," तो म्हणाला. "हितंच. समद्यांम्होरं. तुमचं अक्षर चांगलं हाय." आणि मग म्हणाला, "वरनं खाली लिवा. सही मी डाव्या हातानं करीन, आता येती मला."

"कोंडाजी, हे ऑफिसमध्ये बसून करू," गणराज सर म्हणाले. कोंडाजीनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मागून प्रेस शॉपची माणसं एकेक करून उभी राहत होती. प्लँट हेड मान खाली घालून बसून होते, आणि त्यांच्या मनात काय चाललंय ते कुणालाच कळत नव्हतं.

उद्धवरावांनी कागद माइकशेजारच्या टेबलावर ठेवला. भीती गेली नव्हती, उलट आता कुठं खरी सुरू झाली होती. उद्या गेटवर आपलं कार्ड चालेल की नाही, कोंडाजी पुन्हा कधी डबा उघडून शेजारी बसेल की नाही, काही माहीत नव्हतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, तसं कोंडाजीनं आपल्या रुमालातल्या हाताचं मनगट कागदाच्या कोपऱ्यावर दाबून धरलं, कागद हलू नये म्हणून. उद्धवरावांनी वरच्या ओळीवर लिहिलं, 'का एक.'